नववी साद

फार पूर्वीची गोष्ट. एक डोंगर होता, डोंगराखाली वाडी होती, आणि त्या वाडीत एक माणूस होता ज्याला एका जागी बसणं म्हणजे काय हे ठाऊक नव्हतं.

लोक त्याला भिंगऱ्या म्हणत. आईबापांनी बारशाला चांगलं नाव ठेवलं असेल, पण ते कुणाच्या लक्षात राहिलं नाही. भिंगऱ्या जेवायला बसला की तीनदा उठायचा. एकदा पाण्यासाठी, एकदा दाराशी कोण आलं ते बघायला, आणि एकदा आपण कशासाठी उठलो होतो ते आठवायला. झोपेतसुद्धा त्याचे पाय हलत. त्याची बायको आनसा म्हणायची, "लग्नाला सात वर्षं झाली. पण माझा नवरा बसलेला कसा दिसतो, ते मला अजून माहीत नाही."

त्या वाडीतली माणसं रानकोंबड्याची शिकार करत. तीही कशी, तर कोंबड्यामागं धावून नाही. कोंबड्यालाच बोलावून. रानकोंबडा मोठा मानी पक्षी. आपल्या हद्दीत दुसरा कोंबडा आरवला की त्याला राहवत नाही, तो भांडायला येतोच. म्हणून शिकारी करवंदीच्या जाळीत दडून बसायचा आणि कोंबड्याच्या आवाजात साद घालायचा. कोंबडा तुरा फुलवून समोर आला की बाण.

साद घालायची ती तोंडात धरायच्या शिट्टीनं. ही शिट्टी म्हणजे शिंगाची अर्ध्या चंद्रासारखी चकती, आणि तिच्यावर ताणलेला बकऱ्याच्या आतड्याचा पातळ पापुद्रा. ती आधी गालात धरून भिजवायची, मग टाळूला चिकटवायची, वर जीभ लावायची, आणि गाल न फुगवता थेट छातीतून वारा सोडायचा. चकती मोठी झाली तर ओकारी येते, लहान झाली तर घशात सटकते. ज्याच्या त्याच्या टाळूला ज्याची त्याची शिट्टी. दुसऱ्याची शिट्टी कुणी तोंडात घालत नसे.

आता एक गोष्ट नीट ध्यानात घ्या. जाळीत दडलेला माणूस दिसत नाही, नुसता आवाज येतो. मग पलीकडच्या शिकाऱ्यानं ओळखायचं कसं, की हा कोंबडा का माणूस? म्हणून वाडीच्या जुन्या माणसांनी रिवाज घालून दिला होता. दर तिसऱ्या सादेच्या शेवटी प्रत्येकानं आपली खूण घालायची. एखादी बारीकशी चूक, जी कोंबडा कधी करणार नाही. कुणाची खूण खोकल्याची, कुणाची घसा खाकरल्याची, कुणी शेवटचा सूर मोडायचा. पोरगा शिकारीला जाण्याजोगा झाला की वाडीचा नाईक त्याला शिट्टी द्यायचा आणि कानात त्याची खूण सांगायचा.

भिंगऱ्याची खूण होती जिभेची टक्. तिसरी साद संपली की जीभ टाळूवर आपटून एक टक् करायचं.

आणि हीच टक् त्याच्या मनात काट्यासारखी रुतून बसली होती.

त्याचं असं झालं होतं. चैत्री पुनवेला वाडीतला प्रत्येक शिकारी डोंगरच्या आईच्या पायरीवर एक कोंबडा ठेवायचा. ज्याला ओळीनं तीन वर्षं कोंबडा मिळाला नाही, त्याची शिट्टी पायरीवर ठेवून घेत. मग तो जन्मभर हाकाऱ्यांत. म्हणजे डुकराच्या शिकारीला डबडी बडवत झाडीतून धावायचं आणि पुनवेला मागच्या रांगेत जेवायचं. भिंगऱ्याची दोन पुनवा रिकाम्या गेल्या होत्या. तिसरी चार दिवसांवर आली होती.

त्याच्या कमरेच्या पिशवीत अकरा शिट्ट्या होत्या. म्हशीच्या शिंगाची, मेंढ्याच्या शिंगाची, पापुद्र्याला एक चीर दिलेली, दोन चिरा दिलेली, एक तर कासवाच्या पाठीची. एखादी वाजवून बघायची, कोंबडा आला नाही की थुंकून दुसरी घालायची.

त्याचा सासरा वाडीतला सगळ्यात नावाजलेला शिकारी. म्हाताऱ्याचे डोळे अधू झाले होते, वीस हातांवरचं माणूस त्याला नुसतं सावलीसारखं दिसे. पण कान असा, की वरच्या रानात पान पडलं तरी तो झाड सांगायचा. त्याच्याकडे शिट्टी एकच. चाळीस वर्षं चघळून पिवळी पडलेली.

लेकीच्या काळजीनं म्हातारा एका सकाळी जावयाला म्हणाला, "चला जावईबापू, आज आपण दोघं एका जाळीत बसू."

दोघं बसले. म्हातारा बसला, असं म्हणू. भिंगऱ्यानं आधी डावा पाय मुडपला, मग उजवा, मग मुंगी चावली म्हणून उठला.

"मामा, साद घालू?"

"घाला की."

भिंगऱ्यानं साद घातली. साद चांगली होती, उगाच वाईट कशाला म्हणा. दुसरी घातली, तिसरी घातली, टक् केलं. तेवढ्यात लांब ओढ्यापलीकडून खऱ्या कोंबड्याचं उत्तर आलं.

"आला!" भिंगऱ्या कुजबुजला आणि लागोपाठ पाच सादा घातल्या.

"अहो, थांबा जरा," म्हातारा म्हणाला. "त्याला यायला वेळ तरी द्या. भाकरी तव्यावर टाकली की लगेच उलटता का?"

भिंगऱ्या थांबला. म्हणजे एवढासा थांबला. मग त्याला वाटलं, ह्या शिट्टीचा आवाज जाड पडतोय. त्यानं ती हातावर थुंकली, पिशवी उघडली, आणि अकरा शिट्ट्या खडखडल्या. जाळीच्या पलीकडे, अगदी दहा पावलांवर, पंख फडफडले. कोंबडा आला होता, पिशवी ऐकून उडाला.

म्हाताऱ्यानं त्या फडफडीकडे मान वळवली. मग म्हणाला, "आला होता हो. तुमच्या दारात आला होता."

"टक् ऐकून बिचकला तो," भिंगऱ्या म्हणाला.

"टक् ऐकून तो ओढा ओलांडून आला. पिशवी ऐकून गेला."

"मामा, तुम्हीच सांगा, कोंबडा कधी टक् करतो का?"

"नाही करत."

"मग?"

"कोंबड्याला खुणेचं काही नसतं, बापू. त्याला राग तेवढा कळतो. खूण माणसांसाठी आहे. माझंच बघा. मला डोळ्यांनी दिसत नाही. रानात साद आली की मी मोजतो. तिसरीला खूण आली, तर माणूस. नाही आली, तर म्हणतो माणूस आहे, विसरला असेल. सहावीपर्यंत थांबतो. सहावीलाही नाही, तर म्हणतो असेल कुणाला खोकला. नववीपर्यंत थांबतो. नववीला खूण नाही, म्हणजे माणूस नाही. मग बाण."

भिंगऱ्यानं मान हलवली. पण त्याचं लक्ष पिशवीत होतं. कासवाची शिट्टी सापडत नव्हती.

त्या दिवशी तो घरी आला तो वाऱ्यासारखा. ओटीवर गेला, परसात गेला, पुन्हा ओटीवर आला.

"काय हुडकताय?" आनसानं विचारलं.

"काही नाही."

"मग ते सापडलं का?"

"आनसा, मला बरोबर शिट्टी मिळाली ना, तर एका सकाळीत काम होईल."

"अकरा आहेत तुमच्याकडे. आबांकडे एक आहे."

"त्यांची त्यांच्या टाळूला बसली आहे."

"चाळीस वर्षं बसली आहे म्हणून बसली आहे," आनसा म्हणाली आणि तांदूळ निवडू लागली. भिंगऱ्याला त्या बोलण्यात काही जीव वाटला नाही. तो पुन्हा परसात गेला.

दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या गावचा बाजार होता. तिथं शिंगाच्या फण्या करणारा एक कारागीर बसायचा. कानशीनं शिंग घासून अशी फणी करायचा, की दाताला दात लागलेला कळू नये. भिंगऱ्या त्याच्यासमोर उभा राहिला. "तोंडात धरायची शिट्टी करून देशील का?"

"फणीवाल्याला शिट्टी सांगताय? पण देईन. तोंड उघडा."

त्यानं मेणाचा गोळा उन्हात मऊ केला, भिंगऱ्याच्या टाळूला दाबून धरला आणि उतरवून घेतला. टाळूचा हुबेहूब ठसा! त्या ठशावर बेतून त्यानं दिवसभर शिंग घासलं. भिंगऱ्या त्याच्याभोवती घिरट्या घालत होता.

"बसा की, पाहुणे," कारागीर म्हणाला. "माझ्या डोळ्यांपुढं माणूस फिरला, की माझी कानस फिरते."

संध्याकाळी शिट्टी तयार झाली. तिनं सगळी टाळू धरली, पुढं दातांपर्यंत, मागं पडजिभेपर्यंत. भिंगऱ्यानं नुसता वारा सोडला आणि बाजारातल्या खुराड्यात बसलेले चारही कोंबडे माना ताठ करून उभे राहिले.

भिंगऱ्याच्या डोळ्यांत पाणीच आलं. मग सवयीनं तिसऱ्या सादेला त्यानं टक् करायला जीभ उचलली. जीभ हलेना. शिट्टीनं सगळी जागा भरली होती.

"इथं थोडं खरवडता येईल का?" त्यानं विचारलं. "जिभेपुरतं?"

"येईल की. पण मग असा आवाज नाही निघायचा. सूर त्या कडेवरच उभा आहे." कारागिरानं कानस हातात घेतली. "बोला. खरवडू का राहू दे?"

भिंगऱ्या उभा राहिला. कानस शिंगावर टेकली होती. खुराड्यातले कोंबडे अजून माना ताठ करून बघत होते. पुनवेला दोन दिवस उरले होते. त्याला मागची रांग दिसली, डबडं दिसलं, आनसा दिसली. मनात म्हणाला, दोन सकाळींचा तर प्रश्न आहे. मी बसतो त्या उंबराखाली कोण येणार आहे? पुनव झाली की पुन्हा जुनी शिट्टी घालू.

"राहू दे," तो म्हणाला. कमरेचा मधाचा बुधला कारागिराच्या पुढ्यात ठेवला आणि धावतच निघाला. शिट्टीचं त्यानं कुणाला सांगितलं नाही, आनसालासुद्धा नाही.

पहिल्या सकाळी धुकं होतं, कोंबडे बोललेच नाहीत. दुसरी सकाळ उजाडली ती पुनवेची.

प्रत्येक शिकाऱ्याची बसायची जागा ठरलेली असे. भिंगऱ्याची जागा उंबराखाली, खालच्या अंगाला. तांबडं फुटायच्या वेळी तो तिथं जाऊन बसला. एक साद घातली. उत्तर आलं, पण लांबून, वरून, झऱ्याच्या ओहळाकडून. शहाण्यानं थांबावं. कोंबडा आपल्या पायांनी येतो. पण भिंगऱ्याच्या पायांत मुंग्या आल्या. त्याला वाटलं, तो इकडे यायच्या आत ऊन चढेल. त्याला वाटलं, आपणच थोडं वर सरकलो तर. आणि तो सरकला. उंबर सोडला, ओहळात उतरला, आणि वाकून वाकून झऱ्याजवळच्या करवंदीत शिरला. डोक्याच्या लाल पागोट्याचं टोक सुटलं होतं, ते खोचायलाही तो थांबला नाही.

झऱ्याच्या वरच्या दरडीवर सासऱ्याची बसायची जागा होती. भिंगऱ्याला ते माहीत नव्हतं असं नाही. पण ज्याचं मन पुढं पळतं, त्याला बाजूचं दिसत नाही.

त्यानं साद घातली. काय साद ती! ओहळ घुमला. वरच्या झाडावरचा खारोटा गप्प झाला. दुसरी साद. तिसरी साद. जीभ आपोआप उचलली, टाळूला जागा मिळाली नाही, तशीच खाली बसली.

खरा कोंबडा गप्प झाला होता. भिंगऱ्यानं कान दिला. वर दरडीवर पाचोळा वाजला. अगदी हलका, थांबून थांबून. येतोय, भिंगऱ्याच्या मनात आलं. पायी येतोय.

चौथी साद. पाचवी. सहावी. पुन्हा जीभ उचलली आणि पुन्हा बसली.

पाचोळा थांबला. बराच वेळ काहीच नाही. दुसऱ्या कुणी हा वेळ शांतपणे काढला असता आणि डोकं वर करून एकदा पाहिलं असतं. भिंगऱ्याला वाटलं, गेला, गेला, हातचा गेला! त्यानं घाईनं सातवी घातली. आठवी घातली. आठवीला त्याच्या मनात काहीतरी खुपलं, कुणीतरी काहीतरी मोजायचं म्हणालं होतं. पण ते काय ते आठवायला थांबावं लागलं असतं.

त्यानं नववी साद घातली.

वरच्या दरडीवर म्हातारा थांबला होता; पाचोळा वाजला होता तो त्याच्याच पायांखाली. त्यानं नऊ मोजल्या, एकही खूण नाही. त्याच्या अधू डोळ्यांना करवंदीच्या हिरव्यात बोटभर लाल हललेलं दिसलं, तुऱ्यासारखं. तरी तो आणखी एका सादेसाठी थांबला. दहावी आली. ती नववीपेक्षा सुंदर होती.

म्हाताऱ्यानं बाण सोडला.

नशीब एवढंच, की कोंबड्यासाठी टोकाचा बाण वापरत नसत. देवीला वाहायच्या पक्ष्याला रक्त लागू नये म्हणून बाणाच्या पुढं लाकडाचं बोंड असे. ते बोंड भिंगऱ्याच्या तोंडावर बसलं. समोरचे दोन दात गेले, आणि दातांमागं ती शिट्टी मधोमध फुटली.

म्हातारा दरड उतरला. काट्यांत हात घालून चाचपू लागला. हाताला पिसं लागायची, त्याऐवजी दाढी लागली. ओली दाढी.

"कोण?" म्हातारा म्हणाला. त्याचा आवाज जागेवर राहिला नव्हता. "कोण रे? बोल!"

भिंगऱ्याला बोलता येईना. त्यानं सासऱ्याचा हात धरून आपल्या मनगटावरच्या कड्यावर ठेवला. ते कडं म्हाताऱ्यानंच लग्नात घातलं होतं.

"नऊ मोजले मी," म्हातारा म्हणाला. "पोरा, मी नऊ मोजले. दहावंही मोजलं." आणि तेच तेच म्हणत राहिला. जावयाला खांद्यावर टाकून तो वाडीत आला, तेव्हाही तेच म्हणत होता.

संध्याकाळी पुनवेला वाडी पायरीपाशी जमली. सगळ्यांचे कोंबडे ओळीनं ठेवले होते. भिंगऱ्या हळदीचा फडका तोंडाला बांधून भिंतीला टेकून बसला होता. म्हाताऱ्यानं आपलं धनुष्य नाईकाच्या पायांपाशी ठेवलं.

"मी माणसावर बाण सोडला. रिवाज काय तो करा."

लोकांत कुजबुज झाली. कुणी म्हणालं, "डोळे गेले, आता कानही गेला." कुणी म्हणालं, "आज जावई, उद्या आमचा पोरगा." ते आनसानं ऐकलं आणि पदराचं टोक दातांत धरलं. एकीकडे बाप, एकीकडे नवरा, तिनं कुणाकडे बघावं?

नाईक म्हणाला, "म्हातारबाबा, तू चुकणारा नाहीस. पण जखम दिसते आहे, आणि बाण तुझा आहे. आज धनुष्य पायरीवर राहील, आणि पुन्हा उचलायला मिळणार नाही. जावयाचं म्हणशील, तर जखमी माणसाला पुनव माफ असते. त्याला पुढचं वर्ष मिळेल."

बघा आता. भिंगऱ्याला हवं होतं ते न मागता मिळालं. आणखी एक वर्ष. त्यानं फक्त गप्प राहायचं होतं, आणि गप्प राहायला तर तोंडाला फडकाच बांधलेला होता. शिट्टीचं कुणालाच माहीत नव्हतं.

त्याच्या पायांना पळावंसं वाटलं. घरी, परसात, कुठंही. पण समोर म्हातारा मान खाली घालून उभा होता, आणि स्वतःचा उजवा कान बोटानं चोळत होता. जणू त्याला काहीतरी लागलं होतं आणि ते निघत नव्हतं.

भिंगऱ्यानं कमरेला हात घातला. फुटक्या शिट्टीचे दोन तुकडे काढले, आणि उठून नाईकाच्या हातावर ठेवले.

नाईकानं ते जुळवून पाहिले. अंगठा आतल्या बाजूनं फिरवला. एकदा, दोनदा.

"हिच्यात जीभ कुठं हलते?" त्यानं विचारलं.

भिंगऱ्यानं मान हलवली. नाही हलत.

"खूण घातली नाहीस?"

नाही.

"विसरलास?"

भिंगऱ्या थांबला. मग त्यानं पुन्हा मान हलवली. विसरलो नाही.

नाईकानं धनुष्य उचलून म्हाताऱ्याच्या हातात दिलं. "घे बाबा. तुझा कान शाबूत आहे. कानानं नाही फसवलं, माणसानं फसवलं." मग भिंगऱ्याकडे वळला. त्याची पिशवी मागून घेतली आणि अकराच्या अकरा शिट्ट्या पायरीवर ओतल्या. त्या दिवसापासून भिंगऱ्या हाकारी झाला.

म्हाताऱ्यानं धनुष्य घरी नेलं खरं, पण खुंटीला अडकवलं ते अडकवलंच. कुणी विचारलं तर म्हणायचा, "आता मोजायला गेलो की दहाच्या पुढं जातो. थांबता येत नाही."

भिंगऱ्या महिनाभर अंथरुणावर होता. पेजेवर जगणाऱ्याला जेवताना उठता येत नाही, वाडगं सांडतं. पुढं हाकाऱ्यांत गेला, तिथं त्याला कळलं की डबडं बडवणं थोडं आणि इशाऱ्याची वाट बघत बसणं फार. आधी तो तळमळला. मग रान ऐकू लागला. दुसरं करायला काहीच नव्हतं. कोंबडा कधी रागावून ओरडतो, कधी नुसता घाबरून, कोणता येईल आणि कोणता येणार नाही, हे त्याला कळू लागलं. अकरा शिट्ट्यांनी जे शिकवलं नव्हतं ते.

वर्ष फिरलं. चैत्र आला. एका सकाळी भिंगऱ्या ओढ्याकाठी इशाऱ्याची वाट बघत बसला होता. सहज, काही मनात न धरता, त्यानं पडलेल्या दातांच्या फटीतून जिभेवर वारा सोडला. कोंबड्याची साद निघाली. शेवटाला फटीतून वारा निसटला आणि स्स् झालं. फुटक्या भात्यासारखं.

पलीकडून कोंबड्यानं उत्तर दिलं.

भिंगऱ्यानं पुन्हा साद घातली नाही. तो उठला आणि सासऱ्याच्या घरी गेला.

"मामा, धनुष्य घ्या."

"नको."

"तुम्ही तुमच्या दरडीवर बसा. मी खाली ओहळात बसतो."

म्हाताऱ्याचा चेहरा पांढरा पडला. "वेडा झालास का? तिथं?"

"तिथंच. तुम्ही मोजा फक्त. वाटलं तर बाण खाली ठेवून मोजा."

आनसानं बापाच्या खांद्यावर हात ठेवला. "जा आबा. हा माणूस सांगतोय की मी बसतो. आठ वर्षांत पहिल्यांदा म्हणाला आहे."

म्हातारा गेला. दरडीवर बसला, बाण मांडीखाली दाबून धरला. खालून साद आली, आणि तिच्या शेवटाला स्स्. म्हाताऱ्याचं एक बोट मिटलं. मग कितीतरी वेळ शांत. एवढा वेळ, की त्याला वाटलं खाली कुणी नाहीच. मग दुसरी साद. स्स्.

दुसरं बोट मिटता मिटता थांबलं. म्हाताऱ्याला हसू आलं. तिसऱ्या सादेची वाट कशाला बघायची? हा पोरगा पहिल्याच सादेला सांगतोय, की मी आहे, मी आहे.

त्यानं बाण मांडीखालून काढला.

आणि कोंबडा? त्याला त्या फुटक्या आवाजाचं काहीच वाटलं नाही. तो तावातावानं आला, झऱ्यापाशी उघड्यावर उभा राहिला आणि मान फुगवून बोलला. खाली भिंगऱ्या हलला नाही. पायावर मुंग्या चढल्या तरी हलला नाही. वरून बाण आला, आणि तो कोंबड्यालाच लागला.

पुनवेला म्हाताऱ्यानं तो पायरीवर ठेवला. नाईकानं विचारलं, "साद कुणी घातली?"

"जावयानं."

"त्याच्या शिट्ट्या तर इथं पडल्यात."

भिंगऱ्यानं तोंड उघडून फट दाखवली. नाईकानं वाकून पाहिलं आणि पोट धरून हसला. "शिट्टी ठेवून घ्यायचा रिवाज आहे बाबा. तोंड ठेवून घ्यायचा नाही. जा, बस तुझ्या उंबराखाली. आणि ह्या अकरा?"

"राहू द्या तिथंच," भिंगऱ्या म्हणाला. "फार आवाज करतात."

पुढं कितीतरी वर्षं त्या डोंगरात पहाटे साद उठायची आणि तिच्या शेवटाला स्स् व्हायचं. ऐकणारा शिकारी, मग तो ओळखीचा असो की नवखा, आपला बाण खाली करायचा आणि शेजाऱ्याला हळूच सांगायचा, "तिकडं नको. भिंगऱ्या बसलाय."

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: हुशारी कितीही वाढवावी, पण आपल्या माणसांना आपली ओळख पटेल एवढी जागा तिच्यात राखावी; ती जागा भरून काढली, की घाव आपल्यांच्या हातून आपल्यालाच बसतो.